पाचटाखालचा गहू

त्या वर्षापर्यंत आमच्या घरात चपाती पाहुण्यांची होती. आम्ही शाळूची भाकरी खायचो, सकाळी ताजी आणि संध्याकाळी सकाळचीच, बरोबर आमटी किंवा पातळ पिठलं आणि आईनं दगडावर ठेचलेला खर्डा. कणीक मळली जायची ती माझे वडील, म्हणजे अण्णा, फौजेतून सुट्टीवर आले की, नाहीतर आईच्या माहेरचं कुणी पाटणच्या डोंगरातून उतरून आलं की. गव्हाचं पोतं कोपऱ्यात फळीवर असायचं आणि ते कायम अर्धंच असायचं. त्यातला गहूसुद्धा बारीक, सुरकुतलेला. आई पाखडता पाखडता म्हणायची, "गहू न्हाई, जिरं पिकवतोय आपण." हे तिचं दरवर्षीचं वाक्य होतं आणि त्यावर कुणी हसत नसे.

दाणा बारीक पडायचा याचं कारण साधं होतं. आमच्या रानात नांगर सगळ्यात शेवटी यायचा. शिराळ्याच्या रस्त्याला लागून, ओढ्याच्या अंगाला आमची वीस गुंठ्यांची एक लांबट पट्टी होती. बैलजोडी माझ्या थोरल्या चुलत्यांची, आप्पांची. पूर्वी त्या जोडीतला एक बैल आमचा होता; तो एका पावसाळ्यात ओढ्याच्या उतारावर घसरून पाय मोडून गेला, आणि तेव्हापासून आमची पाळी मागं गेली. आधी आप्पांचं रान, मग त्यांच्या मेव्हण्याचं, मग आमचं. तोवर दिवाळी होऊन महिना उलटलेला असायचा. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं आणि तो दुधातच वाळतो. आप्पा माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते चांगल्या माणसानं चांगल्या मनानं केलं.

आमचं आणि आप्पांचं घर एकच होतं, मधे भिंत घालून दोन केलेलं. ती भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती. त्यामुळं त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते आम्हाला वासानं कळायचं आणि आमच्याकडं कोण काय बोललं ते त्यांना. आई थोरल्या दिरांशी थेट बोलायची नाही, तशी रीतच होती. तिला आप्पांना काही सांगायचं असेल तर ती मला सांगायची, पण आवाज भिंतीपलीकडं जाईल असा लावून. आप्पाही मलाच उत्तर द्यायचे. मी एखाद्या टपालपेटीसारखी मधे उभी असायची. कित्येकदा मी तोंड उघडण्याआधीच बोलणं पुरं झालेलं असायचं.

मी दहावीला होते. त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास अण्णांचं पत्र आलं. पत्र मीच मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यामुळं तेही भिंतीनं ऐकलं. अण्णांनी लिहिलं होतं, की त्यांना जबलपूरला क्वार्टर मिळतेय. दरवर्षी इतके कष्ट करून घरात पोतंभर गहू होत नसेल तर त्याला अर्थ नाही. एवढा हंगाम बघा. नाही जमलं तर पट्टी आप्पाला उसाला द्या आणि तुम्ही दोघी इकडं या.

आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि डब्यात ठेवलं. लग्न होऊन या घरात आल्यावर तिला स्वतःचं म्हणावं असं एकच काही मिळालं होतं. त्या पट्टीत काय पेरायचं हे ती ठरवायची. बाकी घर, भांडी, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळं कुणाच्या ना कुणाच्या मर्जीचं होतं. पट्टी उसात गेली असती तर तेही संपलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला त्या पत्रातला एकच शब्द दिसत होता, क्वार्टर. आमच्या वर्गातली एक मुलगी दोन वर्षं क्वार्टरमध्ये राहून आली होती. तिनं सांगितलं होतं, की तिथं स्वयंपाकघरात नळ असतो आणि मुली सायकलवरून शाळेत जातात. मी रोज दोन घागरी डोक्यावर घेऊन ओढा चढत होते. माझं मन त्या दिवशीच जबलपूरला गेलं.

आईनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं आवाज लावला.

"आप्पांना सांग गं, औंदा मी पट्टीत नांगर घालणार न्हाई."

पलीकडून पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग काय घालणार म्हणावं?"

"सांग, बी घालणार."

"नांगराबिगर? सुईदोऱ्यानं शिवणार व्हय गहू?" आप्पा हसले. मोठीआई, म्हणजे माझी चुलती, तीही हसली. आईनं भाकरी उलटली.

तिच्या माहेरी, पाटणच्या वर, भात कापलं की ओल्या खाचरात नांगर घालत नाहीत. धसकटं तशीच ठेवायची, काठीनं भोक पाडायचं, पावट्याचा नाहीतर मसुराचा दाणा टाकायचा आणि पायानं दाबायचा. तिनं लहानपणी ते केलेलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. आमच्या पट्टीतलं सोयाबीन काढलं तेव्हा जमिनीत ओल होती. आप्पांची औतं मोकळी होईपर्यंत ती ओल उडून जायची, मग नांगरलं की उरलीसुरलीही जायची. पावटा उगवतो तर गहू का उगवणार नाही? जमीन तीच, ओल तीच आणि हात तिचेच होते.

आम्ही तीन बायकांनी ती पेरणी केली. आई, मी आणि शेजारची हौसामावशी. बी रात्रभर भिजत घातलेलं, सकाळी गोणपाटावर निथळलेलं. दोन खुंट्यांना सुतळी ताणायची, सुतळीच्या कडेनं खुरप्याच्या टोकानं भोक पाडायचं, दोन-तीन दाणे टाकायचे, मूठभर माती ओढायची, वीतभर पुढं सरकायचं. तीन दिवस आम्ही बसल्या बसल्या ती पट्टी ओलांडली. हौसामावशी म्हणाली, "ही पेरणी हाय का भरतकाम गं बया?" सुईदोऱ्याचा टोमणा तिच्याही कानावर गेला होता. माझे गुडघे सोलवटले. मी मनात म्हणत होते, उगवू नये.

मग पाचट. आप्पांचा वरच्या रानातला ऊस तुटला होता आणि रानभर वाळका पाला पडला होता. सगळेजण पाचट जाळतात. संध्याकाळी रस्त्यानं जाताना दोन्हीकडं राखेचे काळे चौकोन दिसायचे. आईनं ते भिंतीवरून मागून घेतलं. आम्ही भारे बांधून डोक्यावरून आणलं आणि सगळ्या पट्टीवर घोट्याएवढ्या जाडीनं अंथरलं. उसाची पाती कापतात. आठवडाभर माझे दंड मांजरानं ओरबाडल्यासारखे होते. एवढं करून रस्त्याच्या कडेचा चार-पाच हातांचा लांब पट्टा उघडाच राहिला. तिथंही बी होतं, पण पाचट संपलं होतं.

रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून काहीतरी बोलायचा. आप्पांचा दोस्त शंकर सायकलवरून न उतरताच ओरडला, "काय गं, शेताला वाकळ घातली काय? लय थंडी वाजती व्हय त्याला?" मला शरम वाटली. आईनं वर बघितलं नाही. विहिरीचं एक हलकं पाणी तिनं पाचटाखालून फिरवलं आणि सांगितलं, की आता पंधरा दिवस काही करायचं नाही.

सातव्या की आठव्या दिवशी पाटणहून निरोप आला. तिचे वडील अंगणात पडले होते. आई सकाळच्या एसटीनं निघाली. निघताना तिनं मला तीन कामं सांगितली. रोज सकाळी दोन ठिकाणचं पाचट उचलून खाली बघायचं. उघड्या पट्ट्यावर ओढ्यातले मोर उतरतात, ते हाकलायचे. आणि कुणाला पाचटाला हात लावू द्यायचा नाही.

मी रानात गेले, करंजाच्या सावलीत बसले आणि दप्तरातलं पुस्तक उघडलं. पाचट उचललं नाही. मोर आले, उघड्या पट्ट्यात पायांनी उकरून दाणे टिपत राहिले, आणि मी एकदाच "हाऽऽ" केलं, तेही बसल्या जागेवरून. ते थोडे सरकले आणि परत आले. दोन दिवसांत तो पट्टा कोंबड्यांच्या अंगणासारखा दिसायला लागला. एक कोंब राहिला नाही. रस्त्यावरून फक्त तेवढंच दिसायचं. पुढं वाळकं पिवळं पाचट, आणि त्याच्यावर काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंबूस वास आलेली भाकरी दुधात कुस्करत होते आणि भिंतीवरून मटणाचा वास आला. साधा वार, सण नाही, पाहुणा नाही. मोठीआईकडं वाटण वाटल्याचा वरवंटा चालला होता. मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही. रानात जाऊन करंजाखाली बसले, आणि थोड्या वेळानं रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला. तीन औतं येत होती. पुढं आप्पांची जोडी, मागं शंकरची, शेवटी म्हातारे म्हादूतात्या, त्यांच्या पांढऱ्या बैलांच्या मागं.

आमच्याकडं याला इर्जिक म्हणतात. एखाद्याचं रान अडलं की बाकीचे आपापली औतं घेऊन येतात आणि एका दिवसात नांगरून देतात. मजुरी घेत नाहीत. रानाच्या मालकानं पोटभर जेवू घालायचं, एवढंच. आप्पांनी आईसाठी इर्जिक बोलावलं होतं.

"पोरी, ऊठ," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदी होता. "तुजी आई लाजंनं माहेरला जाऊन बसलीया, मला काय कळत न्हाई व्हय? बी गेलं सगळं, हे बघ की." त्यांनी मोरांनी उकरलेल्या पट्ट्याकडं बोट केलं. "आजून चार दिवस हायत. आज नांगरतो, उद्या माझं बी पेरतो. ती यायच्या आत रान तयार. काय?"

मी काहीच बोलले नाही.

हे वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली, म्हणून त्यावर जरा थांबते. मला आईचा निरोप तोंडपाठ होता. नुसतं "आईनं नको म्हटलंय" एवढं मी बोलले असते तर आप्पा थांबले असते. ते तसे ऐकणारे होते. पण माझ्या मनात आलं, की बी खरंच गेलंय, बरं झालं. आप्पांचा गहू उशिराचा, म्हणजे बारीक होणार. म्हणजे अण्णा म्हणणार, या इकडं. मला नळाचा आवाज ऐकू यायला लागला.

आप्पांनी बांधावर नारळ फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा मला दिला, आणि औतं जुंपली. नांगर एकदा जमिनीतून गेला की जी ओळ पडते तिला आम्ही तास म्हणतो. तीन औतं एकामागून एक उघड्या पट्ट्यातून ओढ्याकडं गेली, तीन तास पडले. मी खोबरं चावत बघत होते. तिकडं बैल वळवले, शंकरनं कायतरी विनोद केला, तिघं हसले, आणि औतं परत वर आली. सहा तास. सहावा पाचटाच्या अगदी कडेनं गेला.

"आता हे पेटवू," आप्पा म्हणाले आणि त्यांनी काडेपेटी काढली. "न्हाईतर नांगरात गुंततंय."

पाचटावर दव होतं. पहिली काडी विझली. आप्पांनी ओंजळ धरून दुसरी ओढली, तीही विझली. "वाळकं बघून लाव की रं," म्हादूतात्या मागून म्हणाले. एवढ्यात त्यांच्या पांढऱ्या बैलाचा मागचा पाय पाचटात गुंतला. त्यानं तो झाडला, आणि पाचटाचा एक झुबका बाजूला उडून पडला.

मी दहा हातांवर होते. खाली काळी माती होती आणि त्या मातीत काहीतरी चमकत होतं. आधी वाटलं काच आहे. मग दिसलं, ओळ होती. आम्ही सुतळी ताणून पाडलेली सरळ ओळ.

मी धावत गेले आणि आप्पांच्या पायाशी पाचटावर बसकण मारली. "पेटवू नका! आप्पा, उगवलंय!"

"काय उगवलंय, तुजं डोकं?" शंकर म्हणाला.

मी दोन्ही हातांनी पाचट उचललं, बाजूला टाकलं, पुढचं उचललं. जिथं उचलावं तिथं तेच. बोटभर उंचीचे कोंब, खाली पांढरे, मधे पिवळसर, शेंड्याला हिरवे, सुईसारखे सरळ. आणि प्रत्येकाच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब. वरून पडलेलं दव नव्हतं ते, पाचटाखाली दव पोचतच नव्हतं. तो थेंब कोंबानं आतून, मातीतून वर आणला होता. हजारो कोंबांनी, अंधारात, कुणी बघत नसताना. मी रोज त्यांच्यापासून वीस पावलांवर बसून पुस्तक वाचत होते आणि ही वाकळीखाली माजलेली गर्दी मला कळली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. मी देवळात बऱ्याच वेळा हात जोडलेत, पण तसं मला देवळात कधी झालं नाही, हे खरं सांगते.

बैल फुरफुरत होते. आप्पांच्या हातात तिसरी काडी तशीच होती.

म्हादूतात्या बांधावर परत गेले, त्यांनी वहाणा काढून ठेवल्या आणि अनवाणी आले. खाली बसले. त्यांनी पराणीचं टोक मातीत टेकवलं, बैल हाकायची ती साधी काठी, आणि नुसता हात ठेवला तर ती वीतभर आत गेली. त्यांनी ती काढली आणि दुसरीकडं टेकवली. तिथंही तेच.

"हे कुणी नांगरलं रं?" ते म्हणाले.

"कुणी न्हाई, तात्या."

"मला खुळा समजतूस काय? ह्यात कुणीतरी नांगर घातलाय." त्यांनी एक ढेकूळ उचलून हातावर फोडलं. आत बोटाएवढाली भोकं होती आणि एका भोकातून गांडूळ सावकाश आत निघून गेलं. तात्या त्याच्याकडं बघत राहिले. सत्तर वर्षं नांगर धरलेला माणूस होता तो. "ह्यो बघ," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यो नांगरतोय. आन आमी आपलं बैलांस्नी मारतोय."

आप्पांनी काडेपेटी कनवटीला खोचली. बैल सोडले नाहीत, नांगर उचलले नाहीत. इर्जिक घालून औतं रिकामी परत न्यायची हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि पुढं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तिघं करंजाखाली तंबाखू मळत बसले. अधूनमधून एकजण उठायचा, पाचट उचलून बघायचा आणि परत खाली ठेवायचा. झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तसं.

दुपारच्या एसटीनं आई आली. गाडी आमच्या रानाच्या कडेनंच जाते. तिला खिडकीतून तीन औतं दिसली होती. तिनं गाडी तिथंच थांबवली, आणि हातातल्या पिशवीसकट बांधावरून चालत आली. तिनं आधी नांगरलेला पट्टा बघितला, मग उघडं पडलेलं पाचट, मग कोंब. पदर डोक्यावर ओढून ती पाठमोरी उभी राहिली.

"आप्पांना इचार," ती मला म्हणाली, "किती तास पडलं?"

"सहा," आप्पा म्हणाले. मग, मला न सांगता, तिच्या पाठीला म्हणाले, "माजं चुकलं, बाई. मला वाटलं समदं गेलं."

आईनं मान हलवली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिची नजर माझ्यावरून करंजाखालच्या माझ्या पुस्तकावर गेली आणि परत आली. मला वाटलं आता विचारणार. ती म्हणाली, "चल, कणीक मळायची हाय."

त्या दिवशी आईनं कोपऱ्यातलं अर्धं पोतं मोकळं केलं. मटण मोठीआईचं होतं, पण इर्जिकाचं जेवण रानाच्या मालकानं घालायचं असतं, आणि मालकीण ती होती. गिरणीवर मीच धावले. पीठ अजून गरम होतं तेव्हाच तिनं ते मळलं. पाहुण्यांसाठी राखलेला सगळा बारीक गहू चपात्यांत गेला. लाटण्याचा आवाज दोन्ही घरांत घुमत होता. आप्पा भिंतीपलीकडून संकोचानं म्हणाले, "पोरी, तिला सांग, आमी नांगरलं कुठं? मग जेवण कशाचं?"

"सांग," आई तव्यावरची चपाती फडक्यानं दाबत म्हणाली, "हात लावला न्हाई, त्याचं जेवण हाय हे."

पलीकडं शंकर खूप हसला. तो चपात्याही खूप जेवला.

त्या सहा तासांत आप्पांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचं बी पेरलं, कुळवून, पाटा मारून, अगदी रीतीनं. त्यामुळं त्या वर्षी एकाच रानात दोन गहू होते, आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना कुणाचा कुठला ते कडेवरूनच दिसायचं. महिनाभर आप्पांचा गहू हिरवागार, अंगानं भरलेला होता. आमचा पिवळसर आणि विरळ. जिथं पाचट जाड पडलं होतं तिथं कोंबांना वर येताच आलं नाही, टक्कल पडल्यासारखे डाग राहिले. उंदीरही झाले. हे सगळं सांगते, कारण हल्ली शून्य मशागतीवर बोलणारे लोक एवढंच सोडून बाकी सगळं सांगतात. मग पौषात विहिरीची मोटर जळाली आणि ती दुरुस्त होऊन यायला पंधरा दिवस गेले. ऐन ओंब्या धरायच्या वेळी पाणी नाही. आप्पांच्या पट्ट्यात भेगा पडल्या, पाती दुपारी गुंडाळली जाऊ लागली. आप्पा रोज सकाळी येऊन आमच्या पाचटात मनगटापर्यंत हात घालायचे आणि तो बाहेर काढून बघायचे. ओला असायचा. हात धोतराला पुसून ते निघून जायचे. मीही बघायचे, पण ते गेल्यावर. आईनं सांगितलं नव्हतं तरी आता मी रोज पाचट उचलत होते.

आमचा गहू झाला. भरमसाट नाही; दरवर्षी व्हायचा त्याहून थोडा जास्त, एवढंच. पण सुपात पडला तेव्हा आवाज वेगळा आला. जाड, गोल, तांबूस दाणा, त्याचा खणखणीत आवाज. आई सूप हातात धरून बराच वेळ उभी होती; पाखडायला त्यात काही नव्हतं. अण्णांना तिनं पत्रातून मूठभर गहू पाठवला. मजकूर मी लिहिला. त्यांचं उत्तर तीन शब्दांचं होतं: ठीक आहे, राहा.

मी जबलपूर आजतागायत बघितलेलं नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले, वीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केलं, नळाखाली भांडी घासली. रविवारी मी गावाला जाते. ती पट्टी आता मी बघते. तिच्यात तेव्हापासून नांगर गेलेला नाही. आप्पांनी पुढल्याच वर्षी त्या सहा तासांवरही पाचट टाकायला सांगितलं, भिंतीवरून, आणि आपल्या उसाचं पाचट जाळणं बंद केलं. आता ते नाहीत, म्हादूतात्या तर केव्हाच गेले.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी ते आईला वाचून दाखवलं. ती ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं, जुन्या पत्रांसारखं. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती. "मी काहीच बोलले नाही" हे वाक्य आलं तेव्हा मी वर बघितलं. तिचे हात चालूच होते.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"त्याच दिवशी. नारळ फुटला, औतं जुंपली, खाली गेली, वर आली. एवढ्या वेळात तू काय वाचत हुतीस?"

"मग विचारलं का नाहीस?"

तिनं शेंगेतला दाणा अंगठ्यानं बाहेर ढकलला, तो नीट भरलेला आहे का ते बघितलं आणि ताटात टाकला.

"सातवा पडू दिला न्हाईस न्हवं," ती म्हणाली. "वाच फुडं."